घाबरट काटा

काटेकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर नुसती एक गोल डायल रंगवलेली, आणि तिच्यात तांबडा काटा. गाड्यांना जादाचे मीटर बसवायचे हा त्यांचा धंदा, आणि तेही काट्याचेच. आकडे लुकलुकवणाऱ्या मीटरना ते "रोषणाई" म्हणत आणि हात लावत नसत. जुन्या गाड्या विकणारे दलाल अधूनमधून यायचे, "काका, किलोमीटर जरा मागे घ्या की," असं लाडीगोडीने म्हणायचे. काका त्यांना ज्या शब्दांत वाटेला लावायचे, ते ऐकून शेजारचा पंक्चरवाला रेडिओचा आवाज वाढवायचा. मीटरने खोटंच बोलायचं असेल तर ते लावता कशाला, काचेवर घड्याळाचं चित्र चिकटवा, असं त्यांचं म्हणणं. माणूस तिरसट, पण कामाला चोख. त्यांनी बसवलेल्या काट्याची तक्रार घेऊन आजवर कोणी परत आलं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा त्यांना नको तितका अभिमान होता.

अशा माणसाला जावई मिळाला तो गाड्या पळवणारा. आठवडाभर एका कचेरीत खुर्ची उबवायची आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर जाऊन जिवावर उदार व्हायचं. पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर त्याची गाडी स्वतःभोवती गरागरा फिरली होती. तेव्हापासून ट्रॅकवर सगळे त्याला भिंगरी म्हणत. पुढे तो चांगला तयार झाला, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. काकांना तो मनातून फार आवडायचा. पण सासरा आणि जावई म्हटलं की बोलणं जपूनच होतं. तो काकांना मामा म्हणायचा, काका त्याला जावईबापू म्हणायचे, आणि दोघं एकमेकांचा मान इतका सांभाळायचे की खरं काय ते बोलायचं राहूनच जायचं.

त्या मोसमाच्या आधी भिंगरीने आपल्या गाडीत इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो घातला. बुटकी, दोन दारांची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी जुनी गाडी ती. टर्बो घातल्यावर अंगात आल्यासारखी पळायला लागली. मग एका सकाळी तो मीटर निवडायला दुकानात आला आणि मोबाईलवर एक चित्र काकांच्या नाकासमोर धरलं.

"मामा, हे बघा. सात रंगांत पेटतं. चावी फिरवली की काटा गर्रकन फिरून सलाम ठोकतो."

"सलाम ठोकणाऱ्याचं मी काही खरं मानत नाही," काका म्हणाले. त्यांनी फडताळातून तीन डबे काढून टेबलावर मांडले. "हे घ्या. काळी डायल, पांढरे आकडे, तांबडा काटा. पांढरी डायल उन्हात डोळ्यांवर येते."

"थोडे मोठे नाहीत का हे?"

"वळणात तुम्ही ह्याच्याकडे बघणार किती? डोळा मिचकावण्याइतकं. तेवढ्यात कळलं पाहिजे. लहान डायल दिवाणखान्यात शोभते."

"आणि तीनच?"

"तेलाचा दाब, तेलाची उष्णता, टर्बोची हवा. बास. सहा लावले की माणूस एकाकडेही बघत नाही."

"उष्णतेचा कंपनीचा आहे की आधीपासून."

काका हसले. फार क्वचित हसायचे. "तो पाण्याची उष्णता दाखवतो, आणि तीही मधोमध. पाणी कोमट असो की उकळायला आलेलं असो, काटा आपला मध्यावर. गिऱ्हाइकाने घाबरून उगाच फोन करू नये म्हणून त्याला तसं शिकवलेलंच असतं. तो काटा नव्हे, तो सासुरवाडीला आलेला जावई. काहीही विचारा, 'छान चाललंय' म्हणणार."

भिंगरी खो खो हसला. मग काकांनी त्याला एकच आकडा पाठ करायला लावला. तेलाच्या उष्णतेचा काटा एकशे तीस अंशांच्या पुढे गेला की पाय वर घ्यायचा, मग शर्यत गेली खड्ड्यात. त्याच्या पुढे तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि इंजिनातले भाग एकमेकांना खायला लागतात. भिंगरीने शहाण्या मुलासारखा तो आकडा म्हणून दाखवला.

गाडी दुकानात ठेवून तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी लेक आली. लेकीला काका ठमी म्हणत. लग्न होऊन संसाराला लागली तरी ठमीच. कचेरीतून परस्पर आली होती. आली, स्टुलावर बसली आणि गाडीकडे बघत राहिली. तिचं असं बघत राहणं थेट तिच्या आईवर गेलेलं होतं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तो तेलाचा काटा जरा घाबरट करता येईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरं जेवढं तापलंय त्याच्यापेक्षा जास्त दाखवणारा. हा तुमच्या काट्याचं ऐकतो. माझं ऐकत नाही. काटा आधीच घाबरला तर हा आधीच पाय उचलेल."

काकांच्या हातातला पाना टेबलावर आपटला. "तुला कळतंय का तू कोणाला काय सांगतेयस? मी दलालांना उभं करत नाही दारात, आणि माझी लेक..."

"मी त्या दिवशी त्याच्या मित्राला बघायला गेले होते," ठमी आवाज न चढवता म्हणाली. "गेल्या मोसमात गाडीसकट भिंतीवर आदळला तो. बायको त्याला चमच्याने भरवते. त्याला ती ओळखू येत नाही. आणि परत येताना हा मला सांगत होता, त्याने टायर चुकीचे घातले होते म्हणे. एवढंच दिसलं ह्याला. टायर."

"म्हणून मी काट्याला खोटं बोलायला लावू?"

"आईच्या आजारपणात तुम्ही तिला रोज सांगत होता, आज तोंडावर तजेला आहे. रिपोर्ट खिशात असायचा. तेव्हा नाही वाटलं काही?"

त्यांनी पाना उचलला आणि जागेवर ठेवला. ठमीने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडतच नव्हती. ती घाबरलेली होती, आणि तिला घाबरलेलं बघणं काकांना कधीच झेपलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुमची मर्जी, बाबा." मुली असं म्हणतात तेव्हा बापाची मर्जी संपलेली असते.

मीटर बसवायच्या दिवशी भिंगरी मदतीला आला. दिवा धरायला, खरं तर. काकांनी तेलाच्या फिल्टरखाली एक जाड चकती बसवली आणि तिच्यात दोन सेन्सर पिळले. भिंगरी आट्यांवर टेप गुंडाळायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेप गुंडाळला की काटा वेड्यासारखा नाचतो. मग इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून त्यात रबरी कडं घातलं, त्यातून तारा आत घेतल्या, पत्र्याला कुठे घासत नाहीत ना हे बोट फिरवून बघितलं. तीन डायल डॅशबोर्डवर बसवताना त्यांनी प्रत्येक थोडी थोडी फिरवली. सगळं ठीक असताना तिन्ही काटे सरळ आभाळाकडे. म्हणजे आकडा वाचायलाच नको, एक जरी काटा वाकडा झाला तरी डोळ्याला टोचतो.

"मामा, तुम्ही ना, घड्याळजी व्हायला हवं होतंत," भिंगरी म्हणाला.

"जरा चहा सांगून या," काका म्हणाले. जावयाला त्यांनी आजवर कधी चहा आणायला पाठवलं नव्हतं. भिंगरीला नवल वाटलं असणार, पण गेला.

तो गेल्यावर काकांनी तेलाच्या उष्णतेच्या तारेवर, डॅशबोर्डच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर जोडला. वर काळी नळी चढवली आणि तापवून आवळली. आता तेल शंभरावर असेल तेव्हा काटा एकशे पंधरावर जाणार होता. जोड इतका सुबक झाला की त्यांना स्वतःचाच राग आला. भिंगरी चहा घेऊन परत आला तेव्हा काका हात धूत होते, आणि हात स्वच्छ झाले तरी धूतच होते.

ठमीचं गणित बरोबर निघालं. पहिल्या शर्यतीत भिंगरी तिसऱ्यावरून सातव्यावर आला. काटा एकशे तीसवर गेला की पाय वर. मागचे एकेक करून पुढे निघून जात होते आणि हा शहाण्यासारखा गाडी थंड करत होता. दुसऱ्या शर्यतीत तेच. ट्रॅकवर पोरं म्हणायला लागली, भिंगरीची चावी संपली. घरी ठमी मोकळी हसायला लागली होती. बापाला फोन करून "थँक यू" एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची.

पण भिंगरीच्या तोंडचं हसू गेलं. त्याने तेल बदललं. बॉनेटला जाळ्या पाडल्या. इंजिन एकदा उघडून परत भरलं. कशानेच काही होईना. मग एका संध्याकाळी दुकानात येऊन तो पायरीवरच बसला.

"माझंच काहीतरी चुकतंय, मामा," तो म्हणाला. "कुठे ते कळत नाही. दुसऱ्या कोणी मीटर बसवलं असतं तर म्हटलं असतं, मीटर खोटं आहे. पण तुम्ही बसवलंय."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समोर एक उमदा पोरगा स्वतःच्या हातांवर, स्वतःच्या इंजिनावर संशय घेऊन बसला होता, आणि ते संशयाचं बी ह्यांनी पेरलेलं. त्यांनी तोंड उघडलं. पण सांगायचं काय? तुझ्या बायकोने सांगितलं म्हणून तुला फसवलं? नवरा-बायकोत कायमची पाचर बसली असती. ते एवढंच म्हणाले, "मोठा कूलर घालून बघू. तेल थंड ठेवायला."

कूलर यायला थोडे दिवस लागले. तो घेऊन भिंगरी आला तेव्हा त्याचा चेहरा जरा निवळला होता. काकांना वाटलं, कूलरमुळे. कूलरच्या नळ्यांसाठी उष्णतेचा सेन्सर हलवावा लागणार होता, तार नव्याने ओढावी लागणार होती. काकांनी मनाशी ठरवलं ते तिथेच. भिंगरी खाली नळ्या आवळत होता तेव्हा त्यांनी डॅशबोर्डमागे हात घालून तो रेझिस्टर कापून काढला, तार सरळ जोडली, वर नवी नळी चढवली. काढलेला दाणा पकडीत चिरडला आणि लोखंडाच्या किसात टाकून दिला. कित्येक दिवसांनी त्यांना पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. ठमीला सांगायचं नाही, ती पुन्हा झुरायला लागेल, असंही त्यांनी तेव्हाच ठरवलं.

निघताना भिंगरी दारात घुटमळला. "मामा, डोळे एकदा दाखवून घ्या ना डॉक्टरना."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही. असंच. वय झालं की दाखवावेत." आणि तो घाईघाईने गाडीत बसला.

काकांना जरा लागलंच. पण म्हटलं, पोरगा काळजीने बोलतोय.

पुढची शर्यत ढगाळ सकाळी झाली, आणि भिंगरी पहिला आला. काका कुंपणाशी उभे होते. शेवटच्या फेरीत त्याने दोघांना अशा काही आवेशात मागे टाकलं की काकांच्या अंगावर काटा आला. खरं सांगितलं की असं होतं, ते मनात म्हणाले. खरा काटा मिळाला आणि पोरगा मोकळा झाला. परतताना भिंगरीने त्यांना मिठी मारली, ती सासऱ्याला मारतात तशी अंग चोरून नव्हे. "कूलरने कमाल केली, मामा! काटा केवढा खाली आला!" काका नुसते हसले. कूलरने थोडी केली होती, थोडी त्यांनी. हे सांगायची आता गरजच उरली नाही, असं त्यांना वाटलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी रेझिस्टर जोडल्याचं सांगितलं असतं. ती नव्हतीच.

त्याच्या पुढची शर्यत भर उन्हात होती. ट्रॅकवरून वाफा निघत होत्या आणि टायरांचा वास घशात बसत होता. भिंगरी दुसरा होता, पहिल्याच्या शेपटीला चिकटून. पहिल्याच्या गाडीचा सगळा गरम वारा ह्याच्या कूलरवर येत होता. काका कुंपणाला धरून उभे होते. अर्धी शर्यत झाली असेल नसेल, भिंगरीची गाडी समोरून गेली आणि काकांच्या कानाला काहीतरी खटकलं. इंजिनाच्या ओरडण्याखाली एक बारीक टकटक होती. इतरांना ऐकू आली नसती. काकांना आली, आणि ती कशाची ते लगेच कळलं. तेल पातळ झालं होतं. आणि काटा तर खरा होता! समोर दिसत असणार! मग हा पाय का उचलत नाही?

पुढच्या फेरीला टकटक मोठी झाली होती. काका कुंपणाला लागून धावायला लागले. वय विसरून, पायात गोळे येईपर्यंत धावले, दोन्ही हात हलवत, "थांबा! जावईबापू, थांबा!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत. भिंगरीने त्यांना बघितलं. काचेतून त्याने स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलली. मामा आपल्याला हुरूप द्यायला धावतायत असं त्याला वाटलं, दुसरं काय वाटणार.

शेवटून दुसऱ्या वळणावर इंजिन आवळून जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी बांधली गेली, गाडी आडवी झाली आणि तशीच, आडवीच, भिंतीपर्यंत गेली. आवाज काकांना पुष्कळ उशिरा आल्यासारखा वाटला. लोक धावले. काकाही धावले, पण त्यांना पोचू दिलं नाही. एकाने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नका बघू, काका." तेव्हाच सगळं कळलं.

ठमीला काकांनीच सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांना नंतर आठवेना. पुढचे सगळे दिवस ती भिंतीला टेकून बसायची, आणि काका तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पाणी भरायचे, दूध तापवायचे, आल्यागेल्याशी बोलायचे. ती दिलं तर खायची. बापाकडे बघायचीही नाही आणि बापापासून दूरही जायची नाही. तेवढ्यावर काका तगून होते. आता त्यांना ती आणि तिला ते, तिसरं कोणी राहिलं नव्हतं.

मग एका दुपारी ट्रॅकवाल्यांनी नेमलेला तपासनीस आला. पोक्त, सावकाश बोलणारा माणूस. काकांचं काम त्याने पूर्वी पाहिलेलं होतं. पाणी प्यायला, घसा साफ केला.

"वहिनी, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. इंजिनाचं तेल फार तापलं होतं. त्यामुळे बेअरिंग जळालं. आम्ही सगळं सोडवून बघितलं." तो काकांकडे वळला. "काका, तुमचं मीटरही काढून तपासलं. सेन्सर तापलेल्या तेलात धरला, तुमचीच तार दुसऱ्या काट्याला जोडून ताडून बघितलं. एका अंशाचा फरक नाही. इतकं चोख काम हल्ली बघायला मिळत नाही."

भिंतीला टेकलेली ठमी सरळ झाली. "फरक नाही? पंधराने पुढे नव्हता?"

"छे हो. धडकेत मीटरचा डबा चेपला त्यात काटा अडकून बसलाय, एकशे पंचेचाळीसवर. म्हणजे त्याला समोर दिसत होतं. तरी पाय उचलला नाही." त्याने मान खाली घातली. "आम्हाला चालकाचं दुर्लक्ष असंच म्हणावं लागेल. वाईट वाटतं. पण यंत्राचा दोष नाही."

तो उठला, हात जोडले आणि चपला घालून जिना उतरायला लागला. त्याच्या पावलांचा आवाज खाली खाली जात होता. ठमीने बापाकडे बघितलं. कित्येक दिवसांनी बघितलं.

"कधी काढलंत?"

"कूलर घातला तेव्हा," काका म्हणाले. "त्याचे हाल बघवेनात मला, ठमे. पोरगा स्वतःला दोष देत होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू झुरली असतीस."

ठमी बोलली ती अगदी हळू, जणू कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये.

"त्याला कळलं होतं, बाबा. कूलर यायच्या आधीच. कोणाकडून तरी लांब दांडीचा थर्मामीटर आणला आणि इथे खाली अंगणात गाडी तापवून तेलात घालून बघितला. काटा पंधराने पुढे. मला वाटलं, आता घरात काय होतंय. तर हा हसला. म्हणाला, मामांचा हात चुकायला लागलाय गं, डोळे गेले असतील. त्यांना अजिबात कळू द्यायचं नाही, मोडून पडतील ते. त्यात काय, मी पंधरा वजा करत जाईन."

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मला शपथ घातली होती त्याने," ठमी म्हणाली. "आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की त्यांचा हात चुकला नाही, मीच चुकवायला लावला? गप्प बसले. रोज वजा करत होता तो. तुमची लाज राखायला."

एकशे पंचेचाळीसमधून पंधरा. काकांना ते करायचं नव्हतं, पण डोक्याने केलंच. भिंगरीने काट्याचं शेवटपर्यंत ऐकलं होतं. सांगितलेल्या आकड्याच्या पुढे तो एक अंशही गेला नव्हता, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे. आणि आता साऱ्या जगात त्याचं नाव निघणार होतं ते बेफिकीर म्हणून.

"मी गाठतो त्यांना," काका उठले. "दुर्लक्ष नव्हतं म्हणून सांगतो. सगळं सांगतो."

"माझंही नाव सांगा," ठमी म्हणाली.

काका अनवाणीच जिना उतरले. तपासनीस फाटकाशी गाडीचं दार उघडत होता. काकांनी त्याचा हात धरला आणि धापा टाकत सगळं सांगितलं: रेझिस्टर, चहाचं निमित्त, काढून टाकलेला दाणा, वजाबाकी. लेकीचं नाव तेवढं गाळलं. ते आपोआप गळलं. तपासनिसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही कोण आहात हे मला ठाऊक आहे. किलोमीटर मागे घ्यायला आलेल्यांना तुम्ही कसं हाकलता ते सगळं गाव सांगतं. तुम्ही काटा खोटा केला असं तुम्ही शपथेवर सांगितलंत तरी कोणाला पटेल का?"

"तो जोड बघा ना! डॅशबोर्डच्या मागचा. नळी नवी आहे तिथे."

"बघितला. फार सुरेख जोड आहे." त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "जावयाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून स्वतःवर ओढून घेताय. मला समजतं. माझ्या घरचं माणूस असतं तर मीही हेच केलं असतं. पण काटा खरा आहे, काका. मी स्वतः बघितलाय. घरी जा. पोरीला तुमची गरज आहे."

गाडी निघून गेली. काका फाटकाशी उभे राहिले. पायाखालची फरशी तापलेली होती ते त्यांना उशिरा कळलं. मग कठड्याला धरून एकेक पायरी चढत ते तिसऱ्या मजल्यावर आले. ठमी दारातच उभी होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"विश्वास नाही बसला त्यांचा," काका म्हणाले. "ते म्हणतात, मी असं करणारच नाही."

"म्हणजे दोष त्याच्याच नावावर राहिला," ठमी म्हणाली. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. तिने दार हळूच लोटलं. काका बाहेरच होते. ती आत काय करते ते ऐकत ते जिन्यात उभे राहिले, आणि थोड्या वेळाने कडी लागली.